शेवटच्या बांधीत

भिवापूर मागे पडलं आणि शेतांचा आकार बदलला. नागपूरहून निघाल्यापासून एसटीच्या खिडकीबाहेर लांबच लांब सरळ तासांची शेतं होती. कापूस, तूर, मध्येच मिरची. आता जमीन लहान लहान चौकोनांत विभागली गेली. प्रत्येक चौकोनाला हातभर उंचीचा मातीचा काठ आणि आत पिवळं पडलेलं धान. या चौकोनाला इथे बांधी म्हणतात आणि काठाला धुरा. बांध्यांच्या मागे जंगल होतं. आता संपेल, मग संपेल म्हणून मी बराच वेळ वाट पाहिली. ते कधी रस्त्याला येऊन चिकटायचं, कधी चार बांध्या मागे सरकायचं, पण नजर जिथे थांबे तिथे तेच उभं असे.

"कोठी उतरता?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"नागभीडला."

"मंडईले आल्या का?"

मी हो म्हटलं. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग या वैनगंगेच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. भाऊबीज झाली की इथे गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक. लेकी माहेरी आलेल्या असतात, जावई येतात, पाहुण्यांत पाहुणे मिसळतात आणि सोयरिकी जुळतात. हलकं धान तोवर कापून झालेलं असतं, भारी धान कापायचं असतं. या दोन कापण्यांच्या मधल्या फटीत झाडीपट्टीचा सण बसतो. माझ्या मैत्रिणीचे वडील निवृत्त शिक्षक, सगळ्यांचे गुरुजी. "एकदा धान पाहायला ये, बेटा," असं ते तीन वर्षं म्हणत होते. यंदा मी निघाले.

नागभीड हे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं हे जंक्शन. इथून नागपूरला जाणारी नॅरोगेज १९०८ साली सुरू झाली. एकशेसहा किलोमीटरची ही छोटी लाइन रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. गुरुजी तरुणपणी त्याच गाडीने नागपूरला जात. पहाटेच्या गाडीत मोहाच्या, चाराच्या, सीताफळांच्या टोपल्या चढत आणि संध्याकाळच्या गाडीने रिकाम्या टोपल्या, मीठ आणि कापड परत येई, असं ते सांगत होते. त्यांच्या सांगण्यात गाडीचा वेग कुठे नव्हता. कोणत्या स्टेशनवर काय चढायचं याची यादी होती.

बाजारातही मला तीच यादी भेटली. एका ओळीत बुरडांनी सुपं, टोपल्या मांडलेल्या. पलीकडे लोहाराचे नवे विळे. उकडलेल्या शिंगाड्यांचे काळे ढीग, जवस, लाखोरीची डाळ, तळ्यातली मासळी. तांदळाच्या दुकानात मी "तांदूळ" म्हटलं तेव्हा दुकानदार पुढच्या शब्दासाठी थांबला. इथे नुसता तांदूळ कोणी मागत नाही. चिन्नोर, जय श्रीराम, एचएमटी अशी नावं घ्यावी लागतात. मी त्या ओळींमधून दोनदा फिरले आणि मग लक्षात आलं, की जंगलातलं काय आणि शेतातलं काय हे इथे वेगळं करता येत नाही. धान ज्या टोपलीतून वाहायचं ती बांबूची, विळ्याची मूठ रानातल्या लाकडाची, शिंगाडा तळ्यातला आणि तळ्यात पाणी जंगलातलं.

तळं पाहायला गुरुजी मला संध्याकाळी घेऊन गेले. गावाबाहेरचा हा मामा तलाव. माजी मालगुजारी तलाव या सरकारी नावाचा लोकांनी केलेला हा संक्षेप. चांद्याच्या गोंड राजांच्या काळी, जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखालची जमीन, अशी रीत होती. कोहळी समाजाची माणसं त्या कामात निष्णात. उतार पाहून, ओढ्याचं तोंड हेरून त्यांनी मातीच्या पाळी घातल्या, आणि पूर्व विदर्भात असे हजारो तलाव उभे राहिले. पुढे मालगुजारांकडे त्यांची मालकी होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले.

पाळीवरून चालताना गुरुजींनी हातातल्या काठीने मला तलावाची रचना दाखवली. वरच्या बाजूला जंगल. पाऊस तिथे पडतो, पालापाचोळ्यातून झिरपत हळूहळू उतरतो आणि तलावात येतो. पाळीच्या पोटातून पाणी सोडण्याची तोंडं असतात, त्यांना इथे तुडुम म्हणतात. तुडुम उघडलं की पाणी पहिल्या बांधीत, ती भरली की धुऱ्याला पाडलेल्या खाचेतून दुसऱ्या बांधीत, असं पायरीपायरीने खाली जातं.

"पाऊस तर इथे चांगला पडतो. मग तलाव कशाला?" मी विचारलं.

"पडतो, पण धानाच्या सोयीनं पडत नाही," गुरुजी म्हणाले. "लोंब्या निसवतात ना, दाण्यात दूध भरतं, तेव्हाच पंधरा दिवस तोंड लपवतो. त्या पंधरा दिवसांसाठी हा तलाव आहे. वर जंगल राहिलं नाही तर पाण्याआधी गाळ येतो. तलाव उथळ होतो आणि ते पंधरा दिवस निघत नाहीत."

पाळीच्या टोकाला एक ढिवर काका जाळं सोडवत बसले होते. त्यांनी हात उंच धरून तळ्याची पूर्वीची खोली सांगितली, मग मासळीची नावं. मरळ आहे अजून, दाडक आता क्वचित. मच्छीमार संस्थेने सोडलेली रोहू-कतला जास्त. काठावर बेशरमची झुडपं दाटली आहेत आणि त्यांच्या मुळांत जाळं फाटतं. देवधानाचं काय, मी विचारलं. तळ्यात आपोआप उगवणारं, कोणी न पेरलेलं ते धान, उपासाला चालणारं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माय आनायची. आता त्या कोपऱ्यात थोडंसं दिसते." अंधार पडू लागला तसा त्यांनी जाळ्याची गुंडाळी खांद्यावर टाकली आणि आम्हालाही उठवलं. पाळीवर अंधारात थांबायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही घोडाझरीला जाऊन आलो. ब्रिटिश अमदानीत बांधलेला हा मोठा जलाशय नागभीडजवळच आहे. तिन्ही बाजूंना टेकड्या, त्यांवर दाट रान, चौथ्या बाजूला भिंत आणि भिंतीतून निघणारा कालवा धानाकडे जाणारा. २०१८ मध्ये भोवतालचं सुमारे १५९ चौरस किलोमीटरचं जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झालं. रचना मामा तलावाचीच, फक्त मोठ्या मापाची. वर झाडी, मध्ये पाणी, खाली धान.

तिथून आम्ही नांदेडला गेलो. मराठवाड्यातलं नव्हे, नागभीड तालुक्यातलं छोटं नांदेड. तिथे पाटी किंवा पुतळा पाहायचा म्हणून मी गेले नव्हते. मला ती जमीन पाहायची होती. दादाजी रामाजी खोब्रागडे हे या गावचे. जेमतेम दीड एकराचे शेतकरी, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली 'पटेल ३' या वाणाच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्यावर पिवळसर झाक. त्यांनी त्या खुडून घरी ठेवल्या आणि पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या. शेत जंगलाला लागून असल्याने रानडुकरांची भीती होती. म्हणून त्यांनी शेताच्या अगदी मधोमध सहा चौरस फुटांची जागा निवडली आणि तिच्याभोवती काटेरी फांद्या लावल्या.

मी धुऱ्यावर उभी राहून ते सहा चौरस फूट मनात मांडून पाहिले. एक खाटसुद्धा मावणार नाही. वर्षामागून वर्ष दादाजी त्यातून निवड करत गेले आणि त्यातून बारीक दाण्याचं, चवीचं, भरघोस पिकणारं धान तयार झालं. नव्वदच्या सुमारास व्यापाऱ्यांनी तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव त्याला दिलं, एचएमटी. ते धान झाडीपट्टी ओलांडून राज्याबाहेर गेलं. दादाजींनी पुढे 'नांदेड ९२', 'नांदेड हिरा', 'विजय नांदेड', 'दीपक रत्न', 'डीआरके' असे वाण निवडले. त्यांतल्या अनेकांना त्यांनी गावाचं किंवा घरातल्या माणसांचं नाव दिलं. ३ जून २०१८ रोजी ते गेले. पुरस्कार त्यांना मिळाले, पण दीड एकराच्या माणसाची ओढाताण शेवटपर्यंत सुटली नाही. आपल्या ताटातला तांदूळ कोणी निवडला हे माहीत नसताना आपण तो किती वर्षं जेवलो, हा विचार त्या धुऱ्यावर मला सोडवेना.

गुरुजी माझ्यामागे उभे होते. ते म्हणाले, "हजारो लोंब्यांत तीन लोंब्या. आपण असतो तर दिसल्या असत्या का?"

मी समोरच्या बांधीकडे पाहिलं. मला सगळं एकसारखं पिवळं दिसत होतं.

रात्री जेवताना गुरुजींच्या पत्नीने, काकूंनी, नव्या तांदळाचा भात वाढला. नवा भात चिकट होतो, त्याला पाणी कमी घालावं लागतं. गुरुजींच्या आई जवळच पाटावर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. मी मोहाचं विचारलं तर त्यांचा चेहरा उजळला.

"चैतात पडते मोह. झुंजुरकाच जावं लागते. उशीर केला का हरन खाते, अस्वल खाते. पयले झाडाखालचा पाला जारतो, जागा साफ करतो, मंग फूल दिसते. आमची चार झाडं होती. सासूनं देल्ली. ते झाड तुझं, ते तुझ्या जावेचं. कागद नाई काई. पन दुसऱ्याच्या झाडाखाली कोनी वाकत नाई."

मोहाची फुलं वाळवून ठेवायची, टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल काढायचं. मोह संपला की तेंदू. पहाटे पानं तोडून आणायची, दुपारभर घरात बसून सत्तर सत्तर पानांचा पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचा. पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या सात्या, त्याच सुमाराला बांबूचे कोंब. धानाच्या पेरणीला पैसा लागतो तो मोहाचा आणि तेंदूचा. शेतीचं भांडवल जंगल पुरवतं हे आजी चार वाक्यांत सांगून गेल्या.

मग त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. त्यांच्या बहिणीच्या सुनेला मोह वेचतानाच वाघाने नेलं होतं. घरात कोणी तो विषय काढत नाही, हे काकूंच्या हातातली वाटी थांबली त्यावरून मला कळलं.

हा सगळा भाग ब्रह्मपुरी वनविभागात येतो. पश्चिमेला ताडोबा, १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान. तिथे वाघ वाढले की तरुण वाघ नवी जागा शोधत बाहेर पडतात, आणि त्यांचा रस्ता या टेकड्यांतून, नाल्यांतून, तळ्यांच्या काठाने आणि बांध्यांमधून जातो. इथे त्यांना पाणी आहे, रानडुकरं आहेत, गुरं आहेत. धान उंच झालं की लपायला जागाही आहे. उद्यानाला निदान सीमा असते. इथे जंगल, शेत आणि गाव एकमेकांत विणलेलं आहे. माणूस उभा चालत असेल तर वाघ बहुधा बाजूला होतो. पण मोह वेचणारी, तेंदू तोडणारी, धान कापणारी बाई तासन्तास वाकलेली किंवा उकिडवी बसलेली असते. जंगलात हिंडणारी माणसं सांगतात, की तेव्हा तिची उंची आणि आकार जनावरासारखा भासतो. तिच्या कामाची रीतच तिला धोक्यात घालते.

महाराष्ट्रात वाघ वाढल्याची बातमी आली की मलाही आनंद होतो. तो आनंद खोटा नाही. पण त्या रात्री आजींसमोर बसून मला एवढं कळलं, की या आनंदाचा खर्च मी कधी दिलेला नाही. तो या बांध्यांमध्ये वाकलेल्या बायका देतात, आणि वर आपल्याला तांदूळही देतात.

तिसऱ्या रात्री शेजारच्या गावी मंडईचं नाटक होतं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं. नाटक मंडळ्यांची कार्यालयं तिथे आहेत आणि हंगामात त्यांच्या तारखा भराभर भरतात. याच रंगभूमीवरचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आम्ही पोचलो तेव्हा कापलेल्या बांध्यांत मंडप उभा होता. पायाखाली धसकटं, त्यांवर ताडपत्री, त्यावर घरून आणलेल्या सतरंज्या आणि पांघरुणं. ऑर्गनचा सूर लागला तेव्हा दहा वाजून गेले होते. नाटक कुटुंबाचं होतं. दारूत गेलेली जमीन, परत आलेली बहीण. समोरच्या ओळीतल्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या आणि लगेच पुढच्या प्रवेशाला खळखळून हसत होत्या. पोरं आयांच्या मांडीवर झोपली होती.

"रात्रभर का चालतं?" मी गुरुजींना हळूच विचारलं.

"लोक दहा गावांहून येतात. मध्यरात्री सोडलं तर जातील कसे? रस्ता झाडीतून आहे. आमचे आजोबा सांगत, उजाडेपर्यंत माणसं बसवून ठेवायची तर नाटक तेवढं लांब पाहिजे."

पहाटे शेवटचा पडदा पडला. माईकवरून आभार मानले गेले आणि मग तोच आवाज साधा होऊन म्हणाला, की उजाडल्याशिवाय कोणी निघू नका, एकट्यादुकट्याने जाऊ नका, गावागावाच्या लोकांनी मिळून जा. कोणी घाई केली नाही. लोक पांघरुणं गुंडाळून पूर्वेकडे तोंड करून बसले. धुकं पांढरं झालं, मंडपाच्या बल्ल्या दिसू लागल्या, तेव्हा एकेका गावाचं नाव घेत घोळके उठले.

आमच्या घोळक्यातल्या सात बायका घरी न जाता सरळ शेताकडे वळल्या. भारी धान तयार झालं होतं, आभाळ थोडं भरून आलं होतं, आणि कापलेल्या कडपांवर पाऊस पडला की दाणा काळा पडतो. काकू त्यांच्यातच होत्या. मीही गेले.

शेत गावाच्या टोकाला होतं. एकेक धुरा ओलांडत आम्ही शेवटच्या बांधीपर्यंत आलो. तिच्या पलीकडच्या धुऱ्यावर येनाचं एक झाड, आणि त्यानंतर झाडीच. बसमधून पाहताना मला शेताची कड आणि जंगलाची कड अशा दोन रेषा दिसत होत्या. इथे तो एकच धुरा होता. त्याच्या अलीकडे लोंब्या ओणावलेल्या, पलीकडे सागाची वाळकी पानं, आणि ती पानं वाऱ्याने अलीकडे धानात येऊन पडलेली.

बायकांनी पदर खोचले. एकीने विचारलं, "उभी कोन?" एक तरुण मुलगी काठी घेऊन धुऱ्यावर गेली आणि जंगलाकडे तोंड करून उभी राहिली. बाकीच्या वाकल्या. सहा विळे एकदम चालू झाले.

मला विळा मिळाला. मी मूठभर धान धरून कापलं, पुन्हा धरलं. माझ्या तीन मुठी होईपर्यंत काकू दहा हात पुढे गेल्या. माझ्या मागे अर्धी तुटलेली धाटं राहत होती. टोळीतल्या सगळ्यांत वयस्क बाईंनी ते पाहिलं. रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातला विळा घेऊन धुऱ्यावरच्या मुलीला दिला आणि तिच्या हातातली काठी मला दिली.

"बाई, तुमी उभ्या राहा. फकत झाडीकडे पाहा. आमच्याकडे पाहू नोका."

मी पाठ वळवली.

पहिली काही मिनिटं मला जंगल दिसलंच नाही, नुसती हिरवी-तांबूस भिंत दिसली. मग एकेक गोष्ट सुटी होऊ लागली. येनाच्या खोडावरच्या भेगा. त्यामागे बांबूचं बेट. एक पान हललं ते वाऱ्याने, कारण शेजारचंही हललं. एक हललं आणि शेजारचं हललं नाही. मी काठी घट्ट धरली. एक पक्षी उडाला. लांब वानराचा हुप् असा आवाज झाला तेव्हा पाठीमागचे विळे थांबले. मला वळून पाहावंसं वाटलं, पण मी वळले नाही. वानर पुन्हा ओरडलं नाही. विळे पुन्हा सुरू झाले. मला तेवढ्याच आवाजावरून कळत होतं, की त्या सात जणी माझ्यापासून किती अंतरावर आहेत आणि मी डोळे हलवणार नाही यावर त्या विसंबल्या आहेत.

तीन दिवस मी या मुलखाकडे पाहत होते. तळं, धान, बाजार, नाटक. त्या तासाभरात मी जे पाहिलं त्यात मला आवडलेलं किंवा टिपून ठेवावं असं काही नव्हतं. फक्त प्रत्येक हलणाऱ्या पानाला कारण सापडेपर्यंत मी त्याच्यावरून नजर काढत नव्हते.

ऊन येनाच्या शेंड्यावरून खाली उतरलं. पाठीमागे पावलं आली. त्याच वयस्क बाई कमरेवर हात ठेवून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या कपाळाला धानाचा भुसा चिकटला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काठीसाठी हात पुढे केला.

"जा," त्या म्हणाल्या, "पानी पेऊन घ्या. आता मी पायतो."

आणि त्यांनी झाडीकडे तोंड केलं.